वणव्यानंतर मन सावरताना: पहिल्या रात्रीपासून वर्षभरापर्यंत काय करायचं आणि मदत कशी शोधायची

ज्यांचं घर वणव्यात गेलंय, किंवा घर उभं आहे पण आजूबाजूचं सगळं गेलंय, किंवा नुसतंच सामान गाडीत भरून पळावं लागलं आणि परत आल्यावर सगळं जागेवर होतं तरी झोप लागत नाहीये, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आम्ही यातून गेलोय. इन्शुरन्सचा क्लेम कसा भरायचा, राख कशी उपसायची, भाड्याचं घर कसं शोधायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण मनाचं काय करायचं, कधी थोडं थांबायचं आणि कधी डॉक्टर गाठायचा, गाठायचा तर नक्की कुठला, हे कोणी क्रमाने सांगत नाही, आणि तेव्हा डोकं इतकं बधिर झालेलं असतं की स्वतः शोधायची ताकद नसते. एका बैठकीत सगळं वाचू नका, तुम्ही ज्या टप्प्यावर आहात तेवढंच वाचा, बाकीचं नंतर.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी आधी वाचा. "आमचं तर काहीच गेलं नाही, ज्यांचं सगळं गेलं त्यांना मदत मिळू दे" हे मी खूप जणांच्या तोंडून ऐकलंय आणि असं म्हणणारेच सगळ्यात जास्त दिवस अंगावर काढतात. ज्वाळा समोर दिसल्या, रस्ता बंद झाला, मुलं मागच्या सीटवर रडत होती, तेव्हा जो धसका बसायचा तो बसला, नंतर घर वाचलं म्हणून तो मागे जात नाही. उलट शेजाऱ्यांची घरं गेली आणि आपलंच राहिलं याचा अपराधीपणा खूप जड असतो आणि तो बोलून दाखवायची चोरी. तर किती नुकसान झालं यावर तुम्हाला मदत घ्यायचा हक्क आहे की नाही हे ठरत नाही. हे पक्कं डोक्यात ठेवून पुढे वाचा.

सगळ्यात आधी: जगावंसं वाटत नसेल तर

स्वतःला इजा करायचे विचार येत असतील, "मी त्यात गेले असते तर बरं झालं असतं" असं पुन्हा पुन्हा वाटत असेल, तर खालच्या पायऱ्या सोडा आणि आत्ता फोन करा. अमेरिका आणि कॅनडात ९८८, ऑस्ट्रेलियात लाइफलाइन १३ ११ १४, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३, भारतात टेलिमानस १४४१६ (इथे मराठीत बोलता येतं). अमेरिकेत आपत्तीनंतरच्या ताणासाठी वेगळी डिझास्टर डिस्ट्रेस हेल्पलाइन पण आहे, १-८००-९८५-५९९०, त्यावर टेक्स्ट केलं तरी चालतं. घरच्या कोणाबद्दल अशी शंका असेल तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात जातो ही भीती खरी नाही. विचारल्यावर उलट माणूस मोकळा होतो. आणि त्याला एकटं सोडू नका.

१. पहिले काही दिवस: आधी शरीर, मग मन

या दिवसांत काउन्सेलर शोधायची घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये आपत्तीतल्या मानसिक प्रथमोपचाराचं एक मार्गदर्शक काढलं, त्याचा गाभा फक्त तीन गोष्टींचा आहे: बघा, ऐका, जोडून द्या. कोणाला काय हवंय ते बघायचं, बोलत असेल तर ऐकायचं, आणि जिथून मदत मिळेल तिथे पोचवायचं. स्वतःच्या बाबतीतही हेच.

म्हणजे प्रत्यक्षात काय, तर सुरक्षित जागा, पाणी, पोटात काहीतरी गरम, आणि झोप येवो न येवो ठरलेल्या वेळेला आडवं होणं. आपली माणसं कुठे आहेत ते कळलं की अर्धी धडधड कमी होते, म्हणून फोन चार्ज करणं आणि सगळ्यांना "आम्ही ठीक आहोत, इथे आहोत" हा एकच मेसेज पाठवणं हे पहिलं काम. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसू नका. घरातल्या किंवा नात्यातल्या एकाला सांगा की बाकीच्यांना तू कळव, नाहीतर दिवसभर तीच कहाणी सांगून जीव थकतो.

रोजची औषधं राहिली असतील तर लगेच फार्मसीत किंवा कॅम्पमधल्या डॉक्टरांना सांगा. विशेषतः डिप्रेशनच्या, झोपेच्या, फिट्सच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर त्याचाच वेगळा त्रास सुरू होतो आणि तो वणव्याच्या धक्क्यात मिसळला की काय कशामुळे होतंय तेच कळत नाही. जुन्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो नसेल तर ज्या फार्मसीतून नेहमी घेता त्यांच्याकडे रेकॉर्ड असतं, तिथे फोन करा.

आणि बातम्या. हे मी हात जोडून सांगते, आगीचे व्हिडिओ बघत बसू नका. वारा कुठल्या दिशेला आहे, रस्ते कधी उघडणार, ही माहिती हवी असते हे मान्य, पण ती सरकारी अलर्टवरून दिवसातून दोनतीनदा बघा. तेच जळतं घर पन्नास अँगलने बघून माहिती वाढत नाही, धसका वाढतो.

२. काय होणं साहजिक आहे ते आधीच जाणून घ्या

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती हे काय होतंय ते न कळल्याने, म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिल्या काही आठवड्यांत यातलं बरंचसं होऊ शकतं: कुठे काही जळल्याचा वास आला की छातीत धस्स होणं, संध्याकाळचं लाल आभाळ बघून पोटात गोळा येणं, वारा सुटला की खिडकीपाशी जाऊन उभं राहणं, सायरन ऐकला की हातपाय गार पडणं. झोपेत दचकणं. साधी गोष्ट विसरणं, म्हणजे फॉर्मवर स्वतःचा पिनकोड आठवत नाही. उगाच चिडचिड, नवराबायकोत किरकोळ कारणावरून भांडण. रडू अजिबात न येणं, हेही होतं, आणि तेव्हा वाटतं आपण दगड झालो की काय. आणि फुटकळ वस्तूंसाठी आतून तुटणं, सोफा गेला त्याचं काही नाही पण आईच्या हातची एक वही गेली ते सहन होत नाही.

हे आजाराचं लक्षण धरू नका. शरीराने धोक्याचा गजर लावलाय आणि तो अजून बंद झालेला नाही एवढंच. बहुतेक लोकांचा हा त्रास आठवड्यागणिक उतरत जातो, उपचारांशिवायही. उतरत जातो हे महत्त्वाचं, एका दिवसात जात नाही, आणि मधेच एखादा दिवस पहिल्यासारखा वाईट येतो. असा एक वाईट दिवस आला म्हणून सगळं पाण्यात गेलं असं समजू नका.

गजर वाजायला लागला की करायचं ते सोपं आहे. श्वास आत घेताना चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत, बाहेरचा श्वास लांब हवा, असं काही मिनिटं. मग आजूबाजूच्या पाच दिसणाऱ्या गोष्टींची नावं मोठ्याने घ्या, चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज ऐका. आणि स्वतःला तारीख आणि जागा सांगा: आज अमुक वार आहे, मी अमुक ठिकाणी आहे, इथे आग नाहीये. वेड्यासारखं वाटेल, तरी करा. शांत असताना रोज सराव केला तरच ऐन वेळी आठवतं.

एक सावधगिरी: धुरामुळेही छातीत धडधड, दम लागणं, डोकं दुखणं होतं. वणव्याच्या धुरातले पीएम २.५ म्हणतात ते बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना ते फार बाधतात. त्यामुळे छातीत दुखलं, श्वास पुरेना, तर "हा पॅनिक अटॅकच असेल" असं स्वतःच ठरवून गप्प बसू नका, आधी डॉक्टरकडून शरीर तपासून घ्या.

३. बोला, पण जबरदस्ती नको

कोणीतरी चांगल्या मनाने येईल आणि म्हणेल, सगळं एकदा बोलून टाका, आत ठेवू नका, सांगा काय काय झालं. कधी कधी कॅम्पमध्ये लोकांना गोल बसवून प्रत्येकाला आपला अनुभव सांगायला लावतात. यात बोलावंसं वाटलं तर जरूर बोला, पण वाटत नसेल तर "मला आत्ता नको" म्हणून उठायला लाजू नका. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं उकरून काढायची ही जी पद्धत आहे, डीब्रीफिंग म्हणतात तिला, ती पुढचा आजार टाळत नाही असं अभ्यासांत दिसलंय आणि ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही ती वापरू नका असंच म्हटलंय.

याचा अर्थ गप्प बसा असा नाही. एक माणूस निवडा ज्याच्याशी तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढंच बोलता येईल, आणि जो "अहो, जीव वाचला ना, मग झालं तर" म्हणून तोंड बंद करणार नाही. दुसऱ्याचं ऐकायची वेळ आली तर तुम्हीही ते वाक्य टाळा. "किती भरपाई मिळाली" हे पण विचारू नका. त्यापेक्षा "आज काय करून देऊ?" विचारा आणि ते करून द्या.

४. जळलेल्या जागी परत जाताना

हा दिवस अवघड असतो आणि त्याची तयारी कोणी करून घेत नाही. प्रशासनाने जागा सुरक्षित आहे म्हटल्याशिवाय जाऊच नका. एकटे जाऊ नका. मुलांना पहिल्या वेळी नेऊ नका, आधी तुम्ही बघून या, वाटलं तर फोटो दाखवा आणि नंतर त्यांना विचारून न्या. किती वेळ थांबायचं ते आधीच ठरवा आणि परत निघायची जबाबदारी सोबतच्या माणसावर टाका, कारण तिथे वेळेचं भान राहत नाही.

राखेत हात घालायचा असेल तर एन-९५ मास्क, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट. जळलेल्या घराच्या राखेत शिसं, ॲस्बेस्टॉस असं काय काय असू शकतं, जंगलाच्या साध्या राखेसारखी ती नसते. काय शोधायचं ते आधी लिहून न्या, दोनतीनच वस्तू. काही सापडलं नाही तरी तिथे जाऊन आल्याचा काही जणांना उपयोग होतो, निरोप घेतल्यासारखं होतं, आणि काही जणांना अजिबात जावंसं वाटत नाही, तेही ठीक आहे, कोणाच्या आग्रहाने जाऊ नका.

५. एका महिन्याची तारीख कॅलेंडरवर टाका

या लेखातलं एकच काहीतरी करणार असाल तर हे करा. आग लागली त्या तारखेपासून एक महिना मोजा, फोनमध्ये रिमाइंडर लावा, आणि त्या दिवशी स्वतःची नीट तपासणी करा. एक महिनाच का, तर डॉक्टर ज्या निकषांनी निदान करतात त्यात पहिल्या महिन्यातल्या तीव्र त्रासाला वेगळं नाव आहे, आणि महिना उलटल्यावरही तो टिकून असेल आणि कामात, घरात अडथळा येत असेल तेव्हा पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर घटनेनंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराचा, विचार होतो. "वेळ हेच औषध" हे महिन्याच्या आत बऱ्यापैकी खरं असतं. त्यानंतरही त्रास तसाच असेल तर नुसतं वाट बघण्यात दिवस जातात.

त्या दिवशी स्वतःला हे पाच प्रश्न विचारा, डॉक्टर प्राथमिक चाळणीला वापरतात त्याच धर्तीचे आहेत. गेल्या महिन्यात:

- त्या घटनेची वाईट स्वप्नं पडली का, किंवा नको असताना ती आठवत राहिली का?
- ती आठवू नये म्हणून फार प्रयत्न करावा लागला का, किंवा त्या जागा, ती माणसं, तो विषय टाळत राहिलात का?
- सतत सावध, चटकन दचकणारे असे झालात का?
- माणसांपासून, रोजच्या कामांपासून तुटल्यासारखं, बधिर वाटलं का?
- जे झालं त्यासाठी स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबतच नाहीये का?

तीन किंवा जास्त "हो" असतील तर डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या. हे निदान नाही, फक्त तपासून घ्यायची वेळ झाली एवढंच यातून कळतं. सोबत पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची डिप्रेशनची प्रश्नावली पण भरा, ती फुकट मिळते, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर दाखवून घ्या. शेवटचा नववा प्रश्न जीव द्यायच्या विचारांचा आहे, त्याला शून्याच्या वर काहीही आलं तर बेरजेची वाट न बघता बोला.

आणि महिनाभर थांबायचं नाही अशी काही कारणं: काहीच झोप नाही, खाणं बंद, दारू किंवा गोळ्या रोज वाढतायत, घरात मारहाण सुरू झालीय, बाळाकडे किंवा आजारी माणसाकडे बघायचं भान नाही, आधीपासून मानसिक आजार आहे आणि तो उसळलाय, किंवा वणव्यात जवळचं माणूस गेलंय. यात पहिल्या आठवड्यातही जा.

६. नक्की कोणाकडे जायचं

इथे बहुतेक जण अडकतात, कारण नावं सारखी वाटतात. सोप्यात सांगते. सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, निदान करतात आणि औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात, टेस्ट घेतात, सहसा औषध लिहून देत नाहीत. काउन्सेलर, सोशल वर्कर हे बोलून मदत करणारे, त्यांचं शिक्षण आणि लायसन्स देशाप्रमाणे बदलतं, म्हणून ते विचारून घ्यायचं. आणि पहिला दरवाजा कुठला तर तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर. त्याला इतिहास माहीत असतो, शरीर तपासतो आणि पुढची चिठ्ठी देतो. ऑस्ट्रेलियात तर जीपीकडून (तिथला फॅमिली डॉक्टर) मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन करून घेतला की मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेकडून वर्षाला १० वैयक्तिक सेशन्सना पैसे परत मिळतात, त्यामुळे तिथे सुरुवात जीपीपासूनच करा.

फुकट किंवा स्वस्त मदत कुठे शोधायची, हा माझा क्रम:

आपत्ती मदत केंद्रात आधी विचारा. मोठी आपत्ती जाहीर झाली की अमेरिकेत फेमा या सरकारी आपत्ती संस्थेच्या पैशातून क्रायसिस काउन्सेलिंगचा कार्यक्रम चालवता येतो, त्यातले लोक फुकट बोलतात, सोबत कोणती कागदपत्रं कुठे द्यायची यातही मदत करतात. रेड क्रॉसचेही मानसिक आधार देणारे स्वयंसेवक असतात. मग नोकरी असेल तर एचआरला विचारा, एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम बऱ्याच कंपन्यांत असतो, काही सेशन्स फुकट मिळतात आणि तुम्ही काय बोललात ते कंपनीला कळवत नाहीत, तरी गोपनीयतेचा नियम पहिल्याच फोनवर विचारून घ्या. मग हेल्थ इन्शुरन्स, त्यांच्या यादीत कोण आहे. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने इन्शुरन्स कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं आहे, तर "यात ते येत नाही" असं एजंट म्हणाला तर लेखी मागा. त्यानंतर विद्यापीठांची ट्रेनिंग क्लिनिक्स, तिथे शिकणारे थेरपिस्ट सीनियरच्या देखरेखीखाली बघतात आणि फी कमी असते. खासगी थेरपिस्टकडेही उत्पन्नाप्रमाणे फी कमी होते का हे विचारा, बरेच करतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आता खाचखळगे.

वेटिंग लिस्ट असतेच, कारण तुमच्यासोबत अख्खं गाव शोधतंय. एकाच ठिकाणी नाव लावून बसू नका, चारपाच ठिकाणी लावा आणि "कोणी कॅन्सल केलं तर मला फोन करा, मी ऐनवेळी येऊ शकते" असं सांगून ठेवा.

ऑनलाइन थेरपी चांगली चालते, पण अमेरिकेत थेरपिस्टचं लायसन्स राज्यापुरतं असतं आणि सेशनच्या वेळी तुम्ही ज्या राज्यात बसलेले असता तिथे त्याला परवानगी लागते. घर सोडून दुसऱ्या राज्यात नातेवाइकांकडे गेला असाल तर फोनवर आधी हेच सांगा, नाहीतर पहिल्या सेशनला कळतं की चालणार नाही. परदेशात राहून भारतातल्या मराठी थेरपिस्टशी व्हिडिओवर बोलणारे बरेच आहेत, आपल्या भाषेत रडता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण तुमच्या इथल्या इन्शुरन्समध्ये ते बसेल असं धरून चालू नका, आणि इमर्जन्सीत ते तुमच्यापर्यंत पोचू शकत नाहीत, तेव्हा स्थानिक डॉक्टर सोबत असू द्या. इंग्रजी कच्चं असलेल्या आईबाबांसाठी दुभाषा मागा, ऑस्ट्रेलियात टीआयएस नॅशनल १३१ ४५० ही दुभाषा सेवा आहे. दुभाषा म्हणून नातवंडांना बसवू नका. आजी नातवासमोर खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर त्या पोराने ते सगळं का ऐकावं?

आपत्तीनंतर दारोदार "ट्रॉमा हीलिंग"वाले (मनावरचा धक्का बरा करतो म्हणणारे) पण येतात. लायसन्स नंबर विचारा, सरकारी रजिस्टरवर तपासा. एका वीकेंडमध्ये पूर्ण बरं करून देतो म्हणणाऱ्याला आणि आगाऊ पॅकेजचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा.

पहिला थेरपिस्ट जुळला नाही तर बदला. दोनतीन सेशन्सनंतरही बोलताना अवघडल्यासारखं होत असेल तर तसं सांगून दुसरं नाव मागायचं, यात अपमान नाही, ते लोकही हे समजून असतात.

७. पहिल्या अपॉइंटमेंटला काय न्यायचं

- ओळखपत्र आणि इन्शुरन्स कार्ड. जळाली असतील तर मदत केंद्रातून मिळालेली पावती किंवा रजिस्ट्रेशन नंबर, बहुतेक ठिकाणी समजून घेतात
- चालू औषधांची यादी, ॲलर्जी
- आधी कधी मानसिक त्रास, उपचार, घरात कोणाला असेल तर ते
- घटनेची तारीख आणि तीनचार ओळीत काय झालं (लिहून न्या, म्हणजे सगळं तोंडाने सांगावं लागत नाही)
- त्रासाची यादी: काय होतं, आठवड्यातून किती वेळा, किती वेळ टिकतं
- पाच प्रश्नांची आणि पीएचक्यू-९ ची भरलेली उत्तरं
- नोकरीसाठी किंवा क्लेमसाठी पत्र हवं असेल तर ते आधीच सांगा, शेवटच्या मिनिटाला नको

आणि स्पष्ट बोला. "जरा टेन्शन असतं" असं म्हणालात तर डॉक्टर तेवढंच लिहून घेईल. "रात्री दोनला दचकून उठते, मग गॅस, प्लग, खिडक्या सगळं तपासते, मग सकाळपर्यंत झोप नाही, गेल्या आठवड्यात पाच रात्री असं झालं" हे सांगा.

तुम्हीही विचारा: वणवा, पूर, अपघात अशा ट्रॉमाचा अनुभव आहे का, कुठली पद्धत वापरता, साधारण किती सेशन्स लागतील, सुधारणा कशी मोजणार.

८. उपचारात काय होतं

ट्रॉमावर सगळ्यात चांगला पुरावा असलेल्या थेरपीज ठराविक आहेत: ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी), त्यातलीच कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी जी साधारण १२ सेशन्सची असते, प्रोलाँग्ड एक्सपोजर (टाळत असलेल्या आठवणींना आणि जागांना हळूहळू सामोरं जायचं) जी साधारण ८ ते १५ सेशन्सची, आणि ईएमडीआर, ज्यात आठवण मनात धरून डोळ्यांची ठराविक हालचाल करायला सांगतात. म्हणजे वर्षानुवर्षं कोचावर पडून बालपण उगाळायचं असं काही नसतं, काही महिन्यांचं काम असतं. सुरुवातीच्या काही सेशन्सनंतर त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो कारण टाळत होतो तेच उघडतं, आणि नेमके तेव्हाच लोक सोडून देतात. सोडू नका, थेरपिस्टला सांगा, वेग कमी करता येतो.

औषधांत सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन अशी नावं ऐकाल. फरक पडायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावर मनाने बंद करायची नसतात. झोपेसाठी आणि घाबरण्यासाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्या कोणी पटकन दिल्या तर प्रश्न विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सूचनांप्रमाणे घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या लक्षणांसाठी त्या देऊ नयेत, सवय लागते आणि मूळ त्रास तसाच राहतो. पण आधीपासून घेत असाल तर अचानक थांबवू नका, ते धोक्याचं आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. शेजाऱ्याने दिलेली गोळी तर नकोच.

९. क्लेमचा ताण हाही मनाचाच ताण

आगीची एक रात्र, आणि क्लेमची कितीतरी रात्री. जळालेल्या प्रत्येक वस्तूची यादी करायला सांगतात, कपाटातल्या साड्यांपासून मुलांच्या खेळण्यांपर्यंत, किंमत आणि कधी घेतली ते, म्हणजे घर दुसऱ्यांदा एक एक वस्तू करून जाळायचं. हे एका बसणीत करू नका. एका वेळी एक खोली, पाऊण तासाचा टायमर, आणि सोबत असं कोणीतरी ज्याचं त्या घरात काही गेलेलं नाही, टाइप त्याने करायचं. रात्री झोपायच्या आधी ही यादी उघडू नका. ॲडजस्टरचे (इन्शुरन्स कंपनीतर्फे नुकसान बघणारा माणूस), सरकारी ऑफिसचे फोन दिवसातल्या ठरलेल्या वेळातच करा, प्रत्येक फोनची तारीख, नाव, काय बोलले ते एका वहीत लिहा, कारण त्या दिवसांत डोक्यात काही राहत नाही आणि "तुम्हाला सांगितलं होतं" ऐकलं की रडू फुटतं.

मोठे निर्णय, जागा विकणं, गाव सोडणं, घटस्फोट, हे शक्य असेल तर पहिले काही महिने पुढे ढकला. कोणी कमी भावात जमीन मागायला घाईघाईने आलं तर त्याची घाई ही तुमची घाई नाही.

१०. मुलं

लहान मुलं पुन्हा अंथरूण ओलं करतात, चिकटून राहतात, आगआग खेळतात. खेळू द्या. खेळून खेळून ती समजून घेत असतात, फक्त त्या खेळात सुटका नसेल आणि मूल आणखी घाबरत असेल तर "आता फायर ब्रिगेड आली" म्हणून तुम्ही खेळात शिरा. शाळेतली मुलं तोच प्रश्न वीसदा विचारतात, तेच उत्तर शांतपणे द्या. "पुन्हा कधीच आग लागणार नाही" असं वचन देऊ नका. "लागली तर आपण काय करणार ते ठरलेलं आहे" हे सांगा आणि खरंच ठरवा: बॅग कुठे, भेटायचं कुठे, कुत्रा कोणी घ्यायचा. टीनएजरकडे जास्त लक्ष द्या, ती "मी ठीक आहे" म्हणून खोलीत जातात. शाळेच्या काउन्सेलरला आधीच कळवून ठेवा. झोपायची वेळ आणि झोपतानाची गोष्ट, हे भाड्याच्या घरातही तसंच चालू ठेवा, मुलांना बाकी कशापेक्षा हे जास्त लागतं.

११. घरातली मोठी माणसं

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅम्प फायरमध्ये ८५ माणसं गेली, त्यातली बहुतेक वयस्क होती. जी वाचतात त्यांचं दुःख दिसत नाही. चाळीस वर्षांचं घर, शेजार, रोजचा फिरायचा रस्ता, सगळं एकदम गेल्यावर "माझं काय राहिलंय आता" म्हणतात आणि आपण ते वयाचं बोलणं समजतो. तसं समजू नका. जेवण कमी झालं, गोंधळ वाढला, अंघोळ टाळायला लागले तर डॉक्टरकडे न्या. चष्मा, कानाचं मशीन, कवळी आगीत गेली असेल तर ते आधी करून द्या, ऐकूच येत नसेल तर माणूस आपोआप एकटा पडतो. आणि त्यांना काहीतरी काम द्या, नुसतं खुर्चीत बसवून सेवा करू नका.

१२. काही महिन्यांनी येणारी घसरण, आणि वर्षाची तारीख

सुरुवातीला सगळे धावून येतात, डबे येतात, कपडे येतात, गावात एकी असते. मग स्वयंसेवक जातात, बातम्या थांबतात, घर बांधायचं परमिट अडकतं, शेजारी दुसरीकडे राहायला जातात, आणि तेव्हा खरा खड्डा येतो. आपत्तीवर काम करणारे लोक हा टप्पा चांगला ओळखतात, तो जवळजवळ प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर येतो. त्यामुळे चारसहा महिन्यांनी आधीपेक्षा वाईट वाटायला लागलं तर आपण कमकुवत आहोत असं धरू नका, आणि उशीर झाला म्हणून मदत मागायची राहू देऊ नका. पाचव्या पायरीतले प्रश्न तेव्हा पुन्हा भरा. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ च्या ब्लॅक सॅटर्डे वणव्यांत १७३ जण गेले, त्यानंतर मेलबर्न विद्यापीठाने तिथल्या लोकांचा दहा वर्षं अभ्यास केला. बहुसंख्य लोक सावरले, पण काहींचा त्रास वर्षानुवर्षं राहिला, आणि गावातल्या एखाद्या गटात सामील असणाऱ्यांची तब्येत जास्त बरी होती. कुठलाही गट चालेल, झाडं लावणारा, भजनाचा, क्रिकेटचा. सगळ्याच कमिट्यांवर मात्र जाऊ नका, मग तेच ओझं होतं.

वर्ष जवळ आलं की तारखेच्या दोनतीन आठवडे आधीपासून बेचैनी सुरू होते, पुढच्या वर्षीच्या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांतही होते. थेरपी संपली असेल तरी त्या आठवड्यात एक सेशन आधीच बुक करून ठेवा. त्या दिवशी कामाला जायचं, सुट्टी घ्यायची, की गावातल्या कार्यक्रमाला जायचं हे घरात प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, सगळ्यांचं एकच असायला पाहिजे असं नाही. बातम्यांमध्ये ते जुने व्हिडिओ पुन्हा दाखवतील, तेव्हा टीव्ही बंद ठेवा. आणि त्याच आठवड्यात इमर्जन्सी बॅग उघडून औषधांच्या एक्सपायरी तारखा बघा, कागदपत्रांच्या कॉपी नव्या करा, प्रिस्क्रिप्शनचा आणि थेरपिस्टच्या नंबरचा फोटो त्यात ठेवा.